मी सरळ केलेली लढाई

नीता, हे पत्र घेऊन अशी निवांत बस गं. रागावणार नाही. थोडंच रागावणार. हर्नडनहून श्रूजबरीला मावशीकडे यायला तुला सवड नाही, आणि ग्रुपवर मात्र रोज सकाळी गुलाबाचं फूल. (त्या फुलाला वास येत नाही, बाई.) आली असतीस तर डोळ्यांनी बघितलं असतंस. आमच्या या अमेरिकेतल्या गावच्या लायब्ररीत गेल्या महिन्यात मी अख्खी इंग्रज पलटण आढ्याला टांगली.

वॉल्टर आमचा शेजारी. माझ्या नातीचं ऐकून तोही मला ‘आजी’च म्हणतो (माझ्यापेक्षा मोठा असून!). त्याची बायको हेलन गेली आणि तो बोलायचाच थांबला. आधीही दोघांच्या वाटचं तीच बोलायची. तिच्या पणजोबांचा एक जादूचा कंदील त्याच्याकडे आहे. जुन्या काळचा प्रोजेक्टर समज. काचेवर रंगवलेलं चित्र आत सरकवायचं, मागे दिवा, की समोर भिंतीवर हे एवढं मोठं दिसतं. चित्रं सगळी आफ्रिकेतल्या बोअर लढाईची. साहेब, तोफा, घोडे. मीच त्याच्या मागे लागले, की लायब्ररीत दाखव, चार माणसांत ये जरा. शेवटी कबूल झाला, पण म्हणाला, “फजिती झाली तर पुन्हा कधी आग्रह करायचा नाही, आजी.” म्हणजे जमलं तर जमलं, नाहीतर हा कायमचा घरात.

तालीम आमच्या बेसमेंटमध्ये झाली, कारण आमची भिंत पांढरी. तेव्हा मी वर चहात आलं किसत होते. तिथेच घात झाला. तालीम संपल्यावर काचांची पेटी टेबलावर ठेवून वॉल्टर घरी गेला, आणि मी आवराआवरीला खाली उतरले. एक काच उजेडात धरून बघते, तर साहेबाचं डोकं खाली, पाय वर. दुसरी काढली, तीच गत. सगळं सैन्य शीर्षासनात.

आता तू मला ओळखतेस. दारात चप्पल उलटी पडलेली दिसली तरी माझ्या घशाखाली घास उतरत नाही. उलटी चप्पल म्हणजे घरात भांडण. इथे तर तोफांसकट माणसं उलटी! म्हटलं, बिचाऱ्याला वयोमानाने दिसत नसेल. एकूणएक काच सरळ करून ठेवली. शिवाय प्रत्येकीच्या कोपऱ्याला कागदाचा एक गोल ठिपका चिकटलेला. किमतीचं लेबल, दुसरं काय? नव्या पातेल्यावरचं काढतो तसं खोबरेल लावून, नखाने खरवडून सगळे काढले. (डागसुद्धा राहिला नाही. मी शाबासकीची वाट बघत होते.)

संध्याकाळी लायब्ररीत माणसं बरी जमली. दिवे मालवले. वॉल्टरने घसा साफ केला, “हे सेनापती,” म्हणाला, आणि सेनापती वटवाघळासारखे लोंबकळले. त्याने घाबरून दुसरी काच घातली. घोडे आभाळात खूर आपटत निघाले.

“आजी, व्हाय इज एव्हरीबडी अपसाइड डाउन?” माझ्या नातीने, रियाने, अख्ख्या लायब्ररीला ऐकू जाईल असं विचारलं.

लोक हसले. वॉल्टर काचेचे कोपरे अंगठ्याने चाचपत होता, आणि तेव्हा माझ्या डोक्यात दिवा लागला. या कंदिलात काच उलटीच घालायची, तेव्हा कुठे चित्र सुलटं पडतं! आणि अंधारात कुठून धरायची ते कळावं म्हणून तो ठिपका. काच चौकोनी, चारी बाजू सारख्या. त्याने घाईत फिरवली, तर पलटण आडवी होऊन भिंत चढायला लागली. हशा वाढला. वॉल्टरचा हात दिव्याच्या बटणाकडे गेला.

हा दिवा विझला की हा माणूस पुन्हा दाराबाहेर पडत नाही, एवढं मला कळलं. मी उठून उभी राहिले, आणि माझ्या इंग्रजीत (त्यात क्रियापदं कायम सुट्टीवर असतात) चपलेपासून खोबरेलापर्यंत सगळं सांगून टाकलं. वॉल्टरने बटणाकडे गेलेला हात मागे घेतला.

मग म्हणाला, “पण आजी, यांचं भांडण आधीच सुरू झालं होतं.”

खोली पुन्हा हसली, पण आता वॉल्टरसुद्धा हसत होता. मी त्याच्या शेजारी उभी राहून एकेक काच उजेडात बघून, उलटी करून त्याच्या हातात देत गेले. जन्मात पहिल्यांदा सरळ वस्तू उलटी केली गं. आणि तो जो बोलायला लागला! हेलनचे पणजोबा, मग हेलन, मग हेलनचा सफरचंदाचा केक. लढाई राहिली बाजूला. शेवटी लायब्ररीतल्या बाईंनी दिवे लावले तेव्हा थांबला. त्याला पुन्हा बोलावलंय. मला मागच्या रांगेत बसायला सांगितलंय.

घरी येताना गाडीत मंदार आणि सूनबाई कडाकडा भांडले. आईला त्या पेटीजवळ एकटं सोडलं कोणी, यावरून. इतक्या काचा सरळ करून शेवटी भांडण आमच्याच घरात!

तर आता पुढच्या लाँग वीकेंडला येच तू. चपला दारात हव्या तशा काढ, उलट्या काढ, एकीवर एक काढ. मी हात लावणार नाही, शप्पथ.

(पायाने सरकवीन.)