भरल्या ताटावरची लक्ष्मी

आमच्याकडे महालक्ष्म्यांच्या जेवणाला सवाष्ण लागते. त्या वर्षी शेजारचीला सांगितलं होतं. तिचा नवरा अन् माझा नवरा जालन्याच्या एमआयडीसीत एकाच मिलमध्ये कामाला. बाई सरळ, बोलावलं की येणारी. सासूबाईंनी तिचे पाय धुतले, कुंकू लावलं, पाटावर बसवलं अन् म्हणाल्या, "आता तू बाई न्हाईस, लक्ष्मी आहेस." बाईला एकदा लक्ष्मी केलं की तिला उठायची मुभा राहत नाही, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

तिनं दोन घास घेतले असतील, तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. नवरा होता. शेजारचीच्या नवऱ्याच्या मोटारसायकलला बदनापूरजवळ टेम्पोनं उडवलं होतं. दवाखान्यात होता, शुद्धीवर होता. "बायकोला विचारून राह्यला. तिचा फोन कुणी उचलंना. तिला जल्दी घेऊन ये, डॉक्टरनं भरवसा दिला न्हाई."

मी स्वयंपाकघरात सासूबाईंना सांगितलं. त्यांनी माझं मनगट धरलं. "लक्ष्मी भरल्या ताटावरून उठली तर घराचं वाटोळं होतं. आधी जेवू दे. तुझा नवरा पण त्याच रस्त्यानं येतो."

हे शेवटचं मला बराबर लागलं. मी पुरणपोळी घेऊन बाहेर गेले. ती नको नको म्हणत होती, तरी आग्रह करून वाढली, वर तूप ओतलं. मेली किती हळू जेवते, असा मला तिचाच राग आला. मंग विडा झाला, ओटी झाली. तिच्या पाया पडून मी माझ्या नवऱ्यासाठी आशीर्वाद मागितला, अन् तिनं तो मनापासून दिला. तोवर पाऊण तास गेला होता. मंग सांगितलं.

आमची रिक्षा दवाखान्यात पोचायच्या दहा मिनिटं आधी तो गेला.

"फोन कधी आल्ता?" तिनं विचारलं.

"तू जेवून हात धुतले तेव्हाच," मी म्हणाले.

याला दोन वर्षं झाली. सासूबाई आता दुसरीला सवाष्ण सांगतात. सणाच्या दिवशी शेजारची दारात आलेली त्यांना चालत नाही. तिनं गोड सोडलंय. परवा नळावर मला म्हणाली, "ताई, मोबाइल घरी ठेवून आले अन् तुमच्याकडं गिळत बसले. ते तिकडं माझं नाव घेत गेले. असली बायको असावी का कुणाला?"

मी तिला हंडा उचलू लागले. "नशीब गं," म्हटलं, "आपल्या हातात काय असतं?"