पराठ्यातलं चीज

आमचा अरबाब, म्हणजे कंपनीचा मालक, बहारीनचे दोन तुकडे करायचा. जनाबियाचे व्हिला, तिथली कंपाउंडं, म्हणजे गोऱ्यांच्या बंदिस्त वसाहती, आणि चकाचक सुपरमार्केटं म्हणजे 'युरोपियन मार्केट'. उरलं ते 'बाकीचं'. मी कित्येक वर्षं बाकीच्यात आहे. व्हॅन सेल्समन. गुदैबियाच्या गल्ल्यांतली किराणा दुकानं, ज्यांना इथे कोल्ड स्टोअर म्हणतात, आणि त्यांना चिकटून असलेली चहाची दुकानं, एवढाच माझा मुलूख.

युरोपातून प्रोसेस्ड चीजच्या स्लाइसचा कंटेनर आला तेव्हा अरबाबला वाटलं, युरोपातला माल युरोपियन खातील. त्यानं जनाबियात फ्रिजमधली मोक्याची जागा पैसे मोजून घेतली. गोऱ्या बायका तिच्यासमोरून ट्रॉली ढकलत पुढे जायच्या आणि कोपऱ्यातलं निळ्या बुरशीचं, वास मारणारं चीज उचलायच्या. आमच्या स्लाइसकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत. तारीख जवळ आली की कार्टनं गोडाउनला परत यायची, आणि ती खपवायची जबाबदारी बाकीच्यावर, म्हणजे माझ्यावर.

मी ती गुदैबियातल्या एका मल्याळी चहावाल्याच्या गळ्यात मारली. इथे चहाबरोबर चीज-पराठा मिळतो, त्यात तिखट चिप्स चुरून घालतात. तोवर सगळे त्यात बाटलीतलं चीज फासायचे. या चहावाल्यानं माझ्या सांगण्यावरून तव्यावरच्या पराठ्यावर आमची स्लाइस ठेवून पाहिली. ती झकास वितळली. मग काय, शाळकरी बहारिनी पोरं, टॅक्सीवाले, बँकेतले साहेब, सगळे रस्त्यावरच गाडी थांबवून हॉर्न वाजवत पराठे मागायला लागले. शेजारच्या चहावाल्यांनीही तेच सुरू केलं. जनाबियातलं शेल्फ होतं तसंच भरलेलं राहिलं आणि गोडाउन माझ्या व्हॅनमधून रिकामं व्हायला लागलं.

अशातच ते चीज बनवणाऱ्या कंपनीचा माणूस युरोपातून पाहणीला येणार, असं ठरलं. अरबाबनं मला बोलावून सांगितलं, की व्हिजिट चांगली झाली तर स्लाइसचा इनचार्ज तूच, इंशाल्ला. इनचार्जच्या पगारावर फॅमिली व्हिसा मिळतो. सेल्समनच्या पगारावर मिळत नाही.

तेव्हा माझी बायको आणि सात वर्षांची मुलगी व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या. लग्न झाल्यापासून आम्ही सुट्टीपुरताच संसार केला होता. मी लांज्याजवळच्या आमच्या गावी जायचो, मुलगी मला ओळखायला लागेपर्यंत परतायची वेळ व्हायची. आता गुदैबियात एका खोलीत आम्ही तिघं होतो आणि ती मला न लाजता हाक मारत होती. तिला ईसा टाउनच्या भारतीय शाळेत घालायचं होतं. शाळेला रेसिडेन्सी कार्ड हवं, कार्डाला फॅमिली व्हिसा, व्हिशाला पगार, पगाराला इनचार्जची खुर्ची. उतरंडीसारखं सगळं एकावर एक रचलेलं, आणि तळाच्या मडक्यात चीज. रोज सकाळी मुलगी खिडकीतून शाळेच्या बस बघायची. मी युनिफॉर्म आणायला निघालो तर बायकोनं अडवलं. कार्ड हातात येऊ दे, मग बघू, म्हणाली.

पाहुणा येणार त्याच्या आदल्या दिवशी आम्ही जनाबियातलं शेल्फ धुऊनपुसून ताज्या मालानं भरलं. कंपाउंडांत गाड्या चालवणाऱ्या आमच्या कोकणातल्या चौघा-पाचजणांना मी गळ घातली, आणि दुसऱ्या दिवशी ते ट्रॉलीत स्लाइस टाकून पाहुण्याच्या आजूबाजूला फिरत राहिले. पाहुणा सज्जन होता. तो नुसता हसला. गाडीत बसल्यावर मात्र त्यानं मला विचारलं, हे खरं कुठे विकलं जातं? अरबाब दुसऱ्या गाडीत होता. माझ्या कामाबद्दल इतक्या वर्षांत मला असं कुणी विचारलं नव्हतं. माझी छाती फुगली आणि मी गाडी सरळ गुदैबियाला नेली.

दुपारची वेळ होती. बायको आणि मुलगी रोजच्याप्रमाणे चहावाल्याकडे आल्या होत्या. तो मुलीला तिच्या पराठ्यात एक स्लाइस जास्त घालायचा आणि शाळेवरून चिडवायचा. पाहुण्यानं दोन पराठे खाल्ले. फोटो काढले, मुलीचाही काढला. निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "तुझ्याइतकं हे मार्केट कुणालाच कळत नाही." मी ते वाक्य त्याच दिवशी बायकोला चार वेळा ऐकवलं असेल.

त्याचा रिपोर्ट आल्यावर अरबाबनं मला केबिनमध्ये बसवून चहा पाजला. चहा पाजला तेव्हाच मी समजलो. रिपोर्टमध्ये माझी तोंड भरून स्तुती होती. पुढे लिहिलं होतं, की युरोपियन मार्केट नीट उभं करायचं तर त्यासाठी युरोपियन मॅनेजर हवा. चहावाल्यांना एवढा भारी माल कशाला, त्यांच्यासाठी पामतेल घातलेली स्वस्त स्लाइस पाठवू. आणि ती विकायला माझ्यासारखा माणूस शोधून सापडणार नाही.

माझ्या इनचार्जच्या जागेचं काय, असं मी विचारलं.

"तुला हे मार्केट कळतं," अरबाब म्हणाला. "तू तिथेच राहा. खलास."

पगाराचं पुढच्या वर्षी बघू म्हणाला. इंशाल्ला तेवढं विसरला नाही.

मला अरबाबचा राग येत नाही, तो पहिल्यापासून तसाच आहे. राग येतो त्या पाहुण्याचा. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मीही मनात चार घातल्या असत्या. पण कौतुक करून त्यानं मला जागच्या जागी खिळा मारून ठोकलं, आणि तेही मनापासून. त्या कौतुकाचं मी काय करू, हे मला अजून कळलेलं नाही.

व्हिजिट व्हिसा संपत आला. बायको बॅगा भरत होती. गावी द्यायला म्हणून मी चांगल्या स्लाइसचे दोन डबे बॅगेत वर ठेवले. तिनं ते उचलून टेबलावर ठेवले.

"हे राहू दे इथंच," ती म्हणाली. "तुमच्या मार्केटला लागतील."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. मुलीनं एअरपोर्टवर एकदाच विचारलं, की आता ती बस आपल्याशिवायच जाणार का. मी हो म्हणालो.

थोड्याच दिवसांत नवा मॅनेजर आला. बायको, दोन मुलं. त्यांचं विमान उडायच्या आधीच सगळ्यांचे व्हिसे तयार होते, जनाबियात व्हिला तयार होता. त्यांना आणायला मलाच पाठवलं, कारण मला रस्ते माहीत. अरबाबच्या हुकमावरून मी त्यांच्या फ्रिजमध्ये आमच्या स्लाइसचे डबे आधीच रचून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी मी व्हिलाच्या जादा किल्ल्या द्यायला गेलो. मॅनेजरची बायको दारात आली. फार गोड बाई. तिनं ते सगळे डबे एका पिशवीत भरून ठेवले होते.

"आमच्या घरी प्रोसेस्ड काही खात नाहीत," ती इंग्रजीत म्हणाली. "तुम्ही घेऊन जा. तुमच्या मुलांसाठी."

मी थँक यू मॅडम म्हणालो. पिशवी व्हॅनमध्ये ठेवली आणि गुदैबियाला आलो.

चहावाला वैतागलेला होता. नवी स्वस्त स्लाइस वितळत नाही, तव्यावर नुसती घामेजते, गिऱ्हाइकं तोंड वाकडं करतात. मी पिशवी त्याच्यापुढे ठेवली. त्यानं डबा फोडला, पराठ्यावर एक स्लाइस टाकली, मग सवयीनं आणखी एक टाकली, आणि पराठा माझ्या हातात देत विचारलं, "बेबी स्कूल जाता है?"

"जाती है," मी म्हणालो. ते खरंच होतं. गावातली शाळा नुकतीच सुरू झाली होती.