पुडीवरचं ‘खाली’

दादा गेल्यावर खालच्या मजल्यावर वहिनी एकट्याच उरल्या. वर आई, मी आणि बायको. नोएडातल्या आमच्या घरात ‘खाली’ म्हणजे वहिनींकडे. पेपर खाली टाक, भाजी खाली दे.

एका सकाळी माझा लॅपटॉप सुरूच होईना. आत ऑफिसचा रिपोर्ट, दुपारी द्यायचा. बायकोच्या लॅपटॉपवर बूटेबल पेन ड्राइव्ह बनवायचं ठरवलं. तो लावला की बंद मशीन त्याच्या जोरावर उठतं आणि आतल्या फाइली काढून घेता येतात. टीव्हीपाशी प्लास्टिकच्या पुडीत एक पेन ड्राइव्ह पडला होता. पुडीवर आईच्या अक्षरात एकच शब्द: खाली.

माझी शाळा दिल्लीतल्या सरोजिनी नगरची, हिंदीतली. मी ते हिंदीत वाचलं: खाली, म्हणजे रिकामा.

यावरचं सगळं पुसलं जाईल, अशी सूचना आली. मी ओके केलं. लॅपटॉप उठला, रिपोर्ट निघाला, तोही मी त्याच ड्राइव्हवर घेतला.

संध्याकाळी आई म्हणाली, “तो पेन ड्राइव्ह खाली दिलास का रे? दादाचं बोलणं आहे त्यात. मार्केटमधल्या माणसाकडून काढून घेतलं, त्याच्या मोडक्या फोनमधून.”

“आणि फोन?”

“त्यालाच देऊन टाकला. काय करायचाय मोडका?”

मी म्हणालो, लावून बघितला, खराब निघाला. पुढे आई वारेपर्यंत त्या दुकानदाराला लबाड म्हणत राहिली. मी ऐकत राहिलो.

मनाशी मी दोष त्या शब्दाला देत आलो. पण तेवढंच खरं नाही. पुसण्याआधी मी ड्राइव्ह उघडला होता. तीन फाइली होत्या. असेल कुणाचं काही जुनं, म्हटलं आणि स्क्रीनवरची ती विंडो बंद केली. नंतरही, लगेच कुणा जाणकाराला दाखवला असता तर कदाचित काही हाती लागलं असतं. पण दाखवायचा तर सांगावं लागलं असतं.

गेल्या महिन्यात खाली जाऊन वहिनींना सगळं सांगितलं. त्या मटार सोलत होत्या.

“म्हणजे आई उगाचच त्या बिचाऱ्याला बोलत राहिल्या.”

“हो.”

“रिपोर्ट मिळाला ना पण, भाऊजी?”

“मिळाला.”

“अच्छा.” बऱ्याच शेंगा सोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, “तीन होत्या म्हणालात. नावं काय होती त्यांची? हे प्रत्येक रेकॉर्डिंगला नाव द्यायचे.”

मी नावं वाचली नव्हती. तसं सांगितलं.

त्यांनी ताट उचललं आणि त्या आत गेल्या.