मामाच्या हातचे रोडगे

वर्ध्याहून हिंगणीची बस सुटली आणि माझ्या हाडांनी आपापसांत जागा बदलल्या. मणका बहुधा सेलूलाच उतरला. उरलेला मी पुढे पोचलो. पोटात मात्र लहानपणच्या सुट्ट्यांमधली भूक जागी होती. तेव्हा मामी एवढं वाढायची, की मी जेवून उठलो की अंगणात खड्डा पडायचा.

यंदा मामी खाटेवर होती. मोठ्या तापातून उठली, पण तोंडाची चव गेलेली. दोन घास खाऊन ताट सरकवायची. असंच चाललं तर पुन्हा दवाखाना, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"म्हनून आज रोडगे लावले," मामा म्हणाला. रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे. इकडे ते गावपंगतीचं जेवण, आणि रांधायचं पुरुषांनी. मामा त्यातला सरदार. घरात त्याने कधी चहाही उकळला नव्हता. अंगणात वांग्याच्या भाजीचं गंज (मोठं पातेलं) असं रटरटत होतं, की बोर धरण त्यात ओतलं तरी काठ कोरडा राहावा.

"मामा, आपण तिघंच ना?"

"दोघा-तिघाइचं माप कोनाले येते बावा? मी गावालेच रांधलं जलमभर."

धूर पाहून अख्खी आळी ताटं घेऊन आली. जंगलातला वाघही येऊन गर्दी पाहून परतला, असा माझा अंदाज आहे. पंगत बसली. "मस्त जमली भाजी," जो तो म्हणत होता. मीही म्हणालो.

मामाने रोडगा कुस्करून, तूप घालून मामीपुढे ठेवला आणि तिथेच उभा राहिला. तिने भाजीशी घास खाल्ला.

"मीठ कुठी हाये भाजीत?"

मामाचा चेहरा उतरला. "पंगतीत मीठ टाकनारा येगळा रायते. माह्याकडे फकस्त फोडनी."

सगळी पंगत ताटात बघू लागली.

"काऊन जी, एवढ्या लोकाइले आळनी चारून राह्यले? आना इकडे." मामीच्या तोंडाला चव आली होती, हे मामाला माझ्याआधी कळलं. मिठाचा डबा देताना तो हसत होता आणि डोळे पुसत होता. धुरामुळे, असं त्याने सांगितलं.

मामीने पहिली चिमूट माझ्या ताटात टाकली, मग स्वतःच्या, आणि रोडगा संपवून दुसरा मागितला.

परतताना बसमध्ये खिडकीशी बसलो. मामीच्या हातचं खायला गेलो होतो. तिच्या हातून या खेपेला एवढंच मिळालं, चिमूटभर मीठ. पण त्या घासाला जुन्या सुट्ट्यांचीच चव होती, आणि ही गोष्ट मी वाढवून सांगत नाही.