दुसऱ्या गिअरातल्या वैनी

वैनी आधी ऐकू यायच्या आणि मग दिसायच्या. दादांची जुनी फटफटी त्या सदानकदा दुसऱ्याच गिअरमध्ये चालवायच्या, आणि ती बिचारी गल्लीच्या तोंडापासून अशी बोंबलत यायची की पाळण्यातली पोरं जागी व्हायची. दोन्ही बाजूंना डब्यांच्या फुगलेल्या पिशव्या, पदर कमरेला खोचलेला, आणि कुणी आडवं आलं की हॉर्नऐवजी त्यांचा स्वतःचा आवाज: "ओ पावणं, बाजूला व्हा की! डबं गार हुत्यात!" फटफटीचा हॉर्न बिघडलेला होता की वैनींनी त्याला कामच ठेवलं नव्हतं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

नव्वदीच्या सुरुवातीची ही गोष्ट. मी गारगोटीहून येऊन कोल्हापुरात एका वकिलांकडे टायपिंगला लागले होते आणि वैनींच्या माडीवर भाड्यानं राहत होते. वैनींचे डबे उद्यमनगरातल्या कारखान्यांत जायचे. कालवण असं की पहिल्या घासाला नाक वाहायला लागावं. एखादा नवखा कामगार भीत भीत म्हणाला, "वैनी, तिखट जरा कमी घालता काय?" की त्या म्हणायच्या, "मग दवाखान्यातनं मागवा की डबा!" पण त्याला ताप आला तर त्याच्याच डब्यात न मागता मऊ भात असायचा, हेही मी पाहिलंय.

फटफटी खरी दादांची, म्हणजे वैनींच्या यजमानांची. दादा कारखान्यात फिटर होते. रविवारी दारात गाडी धुऊन, पुसून, चार पावलं मागं सरून बघत बसायचे म्हणे. सख्ख्या भावाला कधी तिला हात लावू दिला नाही. मग एके दिवशी लकवा मारला आणि त्यांची डावी बाजू गेली. बोलता येत होतं, जीभ थोडी जड झाली होती एवढंच. पण बोलायचेच नाहीत. सगळं घर डब्यांवर आलं. वैनींची मोपेड एवढं ओझं घेऊन चढाला दम टाकायची, आणि वैनी खाली उतरून तिला ढकलत न्यायच्या. शेवटी एका सकाळी त्यांनी कुणाला न विचारता खुंटीवरची फटफटीची किल्ली घेतली. त्या दिवसापासून खाली किकचा आवाज झाला की दादा भिंतीकडं तोंड करून झोपायचे.

मी एकदा न राहवून म्हटलं, "वैनी, तुमचं लायसन मोपेडचं. विदाउट गिअर. ही गिअरची गाडी. पकडलं तर दंड होईल."

"अवो वकिलीणबाई," वैनी म्हणाल्या, "मी गेर बदलतोय कुठं? येकदा दुसऱ्यात टाकली की थेट कारखान्याच्या दारात उतरतोय. मग गेर असून काय आन् नसून काय!"

दिवसभर नोटिसा टाइप करणारी मी, आणि ही बाई मलाच कायदा शिकवत होती. राग आला तो आलाच. बाईला सांगून समजतच नाही, म्हणून दोन दिवस मी अबोला धरला. वैनींच्या तो लक्षातसुद्धा आला नाही.

आणि पकडलंच. चौकात हवालदारानं शिट्टी मारली, वैनींनी मोठ्या दिमाखात लायसन काढून दिलं आणि दुसऱ्या गिअरचा युक्तिवादही ऐकवला. हवालदार पोट धरून हसला आणि म्हणाला, "वैनी, कायद्यात दुसऱ्या गेरची सवलत न्हाय." गाडी जमा झाली. वैनी म्हणाल्या, "गाडी ठेवा, वाटलंच तर मला बी ठेवा, पर आधी डबं पोचू द्या. माणसं उपाशी हाईत." तेव्हा त्यानंच रिक्षाला हात केला आणि गुमान पिशव्या चढवू लागला.

चार दिवसांनी कोर्टाची समन्स आली, एक नाही, दोन. एक वैनींच्या नावाचं. दुसरं दादांच्या. लायसन नसलेल्या माणसाला गाडी चालवायला दिली, तर दंड मालकालाही होतो. ते वाचून दाखवल्यावर मात्र वैनींचा चेहरा उतरला. "त्यांनी कुठं दिली?" त्या हळूच म्हणाल्या. "मीच घेतली की. आन् हे कोर्टात तसंच म्हनतील. मग गाडी सुटून आली तरी मला किल्ली मिळायची न्हाय. डबं बंद. खायाचं काय आमी?"

तारखेला आम्ही दादांना रिक्षातून नेलं. वैनींनी गुन्हा कबूल केला. मग मॅजिस्ट्रेटसाहेबांनी दादांना विचारलं, "गाडी तुमच्या नावावर आहे. बायकोकडे या गाडीचं लायसन नाही हे माहीत असताना तुम्ही तिला ती चालवायला दिली होती का?"

दादा काठीवर भार टाकून ताठ झाले आणि जड जिभेनं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "व्हय. मीच दिली."

"खोटं हाय, सायेब!" वैनी ओरडल्या. "त्यांना कशाला दंड? मी न विचारता न्हेली!"

"तू गप बस," दादा म्हणाले. "मी दिली म्हनतोय न्हवं? दुसऱ्या कुनाला दिली नसती."

कितीतरी महिन्यांत दादा वैनींशी एवढं बोलले नव्हते. साहेबांनाही हसू आवरेना. दंड दोघांनाही झाला, आणि लायसन काढल्याशिवाय या गाडीला हात लावायचा नाही, अशी तंबी वैनींना मिळाली. कोर्टाच्या पायऱ्या उतरताना वैनी दादांना धरून रडत होत्या आणि वर त्यांनाच झापत होत्या, "कशाला बोलायचं ते? सुटला असता की!"

मग गाडी सुटून आली, शिकाऊ लायसन आलं. डबे काही दिवस भाड्याच्या रिक्षातून गेले आणि संध्याकाळी मैदानावर शिकवणी सुरू झाली. दादा खुर्ची टाकून बसायचे आणि काठी उगारून ओरडायचे, "क्लच दाब! आता तिसरा! भिऊ नगंस, टाक तिसरा!" वैनींनी आयुष्यात पहिल्यांदा तिसरा टाकला आणि गाडीची बोंब थांबली, तेव्हा त्या घाबरून किंचाळल्या, "बंद पडली वो गाडी!" दादा इतके हसले की त्यांना ठसका लागला. ते हसतात कसे, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. चाचणीत आठाचा आकडा काढताना पाय टेकला म्हणून वैनी एकदा नापास झाल्या. "पाय हाय म्हनून टेकला," असं त्यांनी तिथल्या साहेबांना सुनावलं. दुसऱ्या खेपेला पास झाल्या, आणि उद्यमनगरात त्या दिवशी डब्यांबरोबर पेढे गेले.

पुढं वर्षभरानं माझं लग्न ठरलं आणि कोल्हापूर सुटलं. निघायच्या सकाळी वैनी मला स्टँडवर सोडणार होत्या. माझी बॅग त्यांनी गाडीला बांधली. माझा जीव तुटत होता आणि वैनी मात्र "तिकडं जाऊन मिळमिळीत खाऊ नगासा" असलं कायतरी बडबडत होत्या. तेवढ्यात दादा काठी टेकत दाराशी आले.

"उद्या आरटीओत जाऊ," ते वैनींना म्हणाले. "गाडी तुझ्या नावावर करायची."

"का वो? तुमच्या नावावर काय टोचतंय?"

"मालकानं दिली काय, न्हाय दिली काय, हे कशाला कुनी तुला विचारायचं? तूच मालक हो."

वैनींनी बांधलेली बॅग सोडली आणि पुन्हा बांधली. मग त्यांनी विचारलं, "आन् तुमचा हात सुधारला, तुम्हाला चालवावी वाटली, तर?"

दादांनी डाव्या हाताची बोटं मिटायचा प्रयत्न केला. अर्धी मिटली.

"तर तू दे परवानगी," ते म्हणाले.

"देतो की," वैनी म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसून त्यांनी किक मारली.