अडकणारं कार्ड

कारंजा गावातल्या त्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याचं नाव मी विचारलं नाही. आमच्या कॉम्प्युटरमध्ये दोन जुनी ग्राफिक्स कार्डं आळीपाळीने लावून, त्याने दादाचा गाड्यांचा गेम चालवून पाहिला. प्रत्येक वेळी कार्डाच्या पंख्याजवळ तळहात धरून, डोळे मिटून तो ते किती तापतंय ते जोखायचा.

“हे घे ताई, मस्त पळते. ते पहिलं तं अटकूनच राह्यलं.”

“मला तेच हवंय.”

“काहून?”

“चित्र अडकलं की पाळी बदलायची, असा आमचा नियम होता. दादा होता तेव्हा.”

एवढं मी घरीही कधी बोलले नव्हते. त्याने पहिलं कार्ड पुन्हा बसवलं. वळणावर गाडी अडकली. त्याने कीबोर्ड माझ्याकडे सरकवला.

“घे, तुई पाळी.”

कॉम्प्युटरसमोरच्या बाकावर बसताना मी शेजारी दादापुरती जागा सोडली.