कडी लावलेल्या खोलीतले शब्द

दवाखान्याच्या तळमजल्यावर, औषधांच्या खिडकीला लागून एक चिंचोळी खोली होती. तिथं मोठी मुलांना बोलायला शिकवायची. घरात ती थोरली सून, म्हणून मोठी. दवाखान्यात नुसती बाई. आरशासमोर बुटकी खुर्ची, टोपलीत पिसं, फुंकायच्या नळ्या, आणि दाराला आतून कडी. आया बाहेर बसायच्या. आई आत असली की मूल लाडात येतं, असं तिचं ठाम म्हणणं, आणि त्या म्हणण्यावर तिनं अर्धं आयुष्य काढलं होतं.

तिची धाकटी जाऊ आरोग्य खात्यात होती. घरोघरी फिरायची, आयांना प्रश्न विचारायची, आलेल्या उत्तरांचे तक्ते मांडायची. जेवताना सासूबाई तिच्याकडेच बघून बोलायच्या, आणि मोठीच्या पोटात दुखायचं. धाकटीनं काही केलं की ते छापून यायचं. हिनं मुकं लेकरू बोलतं केलं, तर ते बोलत बोलत निघून जायचं. त्याचा कुठं कागद होत नाही.

आता धाकटीच्या पाहणीत निघालं की, आयांना आत बसवून शिकवलेली मुलं जास्त बोलती होतात, शिकणं मधेच सोडतही नाहीत. मोठ्या डॉक्टरांनी ते मनावर घेतलं. महिनाभर आयांना आत घेऊन बघा, म्हणाले. जमलं तर खोलीची रीतच बदलणार होती.

"म्हणजे मी आजवर दार लावून झोपा काढल्या?" मोठीनं विचारलं.

"तसं नाही हो, ताई."

"एका तरी लेकराची जीभ कुठं अडते, ते वाकून पाहिलंयस कधी?"

धाकटीनं पाहणीचे कागद आवरून पिशवीत घातले. तेही मोठीला डाचलं. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

मग हिनं मुद्दामच आपली हुकमी पोर निवडली. चिमणी म्हणायचे तिला. कडी लागली की आरशात बघून पाणी, चप्पल, दे, नको, सगळं घडाघडा बोलायची. ठरल्या दिवशी तिची आई आत आली, धाकटी भिंतीला टेकून उभी राहिली. मोठीनं पाण्याचा पेला पुढं केला. चिमणीनं आईकडे पाहिलं, पेल्याकडे बोट केलं आणि ओठ घट्ट मिटले. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच.

मोठीच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "बघितलंस? आई आली आणि तोंड शिवलं."

आईनं मान खाली घातली. "बाई, रागावू नका. छान बोलते, असं तुम्ही दर वेळी सांगता ते मला धीर द्यायला, हे मला कळतं. घरी ती अजून बोटच दाखवते."

धीर द्यायला म्हणून मोठी तसं कधीच बोलली नव्हती. पोर खरंच बोलत होती, पण फक्त हिच्याशी. आणि ते ऐकताना हिला किती गोड वाटायचं! एका आईच्या वाटचे शब्द ती एकटीच खाऊन बसली होती.

धाकटी आता हे टिपून घेणार, असं तिला वाटलं. जावेनं नजर दुसरीकडे वळवली.

मोठी उठली. आईला तिनं आपल्या जागी बसवलं, पेला तिच्या हाती दिला. "लगेच देऊ नका. तिच्याकडे बघा आणि थांबा," म्हणाली. मग रोज तिनं आईलाच शिकवलं. कधी थांबायचं, अर्धवट शब्दालाही कसं हसून उत्तर द्यायचं. स्वतः मागं उभी राहायची, आणि हात शिवशिवायचे.

एके सकाळी चिमणीनं आईची हनुवटी धरली आणि पाणी मागितलं. शब्द बोबडा होता. हिच्याजवळ तो केव्हापासूनच स्वच्छ यायचा. दुरुस्ती अगदी ओठांवर आली होती. मोठीनं ती गिळली. आईला रडू आवरेना.

"ताई, काय लिहू?" धाकटीनं हळूच विचारलं.

"लिही, बोलली म्हणून. आईशी बोलली." मग जरा थांबून, "आणि कडी मी काढली, तेही लिही."

धाकटी हसली. मोठीला हसू आलं नाही. जावेवरचा जळफळाट पुष्कळ निवला होता, पण तो आता त्या आईकडे वळला होता. जीभ कुठं टेकवायची याचा जिला पत्ता नव्हता, तिच्या मांडीवर चिमणी चढून बसली होती, आणि बाईंकडे वळूनही बघत नव्हती.

मोठीनं दारातून पुढच्या आईला हाक मारली.